अकोल्याची लाइन

रविवार, ८ मार्च १९५९. सकाळचे सव्वासहा. ठिकाण : अमरावती, कौतिकामावशींचा मळा, विहिरीजवळची पडवी. हजर : कौतिकामावशी, मी, एक जुनी वाकळ आणि चार चिंचोके. गैरहजर : सासूबाई (पाठीमुळे).

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असं लिहिलेलं आहे. अंग दाबायची विद्या मी ज्या दिवशी शिकायला लागले, तो हा दिवस.

मावशी माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. पडवीत मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या असायच्या. कोणी आलं की त्यांची नजर पायांवर जायची आणि तिथेच राहायची. माणसं त्यांच्या लक्षात राहत ती पायांवरून. आमच्या शेजारच्या वकिलीणबाईंना त्या ‘डावी टाच घासनारी’ म्हणत, आणि आमच्या शाळेच्या हेडबाईंना ‘सपाट तळव्याची’. नव्या चपला घालून गेलं तर ओळख द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, “तोंड खोटं बोलते, बाई. पायाले नाई जमत. त्याले सारं वजन उचलावं लागते.”

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि मी नावही सांगायच्या आत म्हणाल्या, की डाव्या खांद्यावर वह्यांची पिशवी नेत जाऊ नका. मग म्हणाल्या, “अन् घरी कोनी निजून हाये. तुमी रोज वाकून राहिल्या.”

दोन्ही खरं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि घरी सासूबाई पौषापासून अंथरुणाला होत्या. पाण्याचा हंडा उचलताना त्यांची कंबर धरली ती सुटलीच नाही. औषधं झाली, लेप झाले, शेक झाले. मी उपायांची यादी केली होती आणि एकेकावर खूण करत आणली होती. सासूबाई पडल्यापडल्या घर चालवत, आणि रोज एकदा जाहीर करत, की कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला मी माझ्या पायांनी जाणार आहे. आम्ही सगळे हो म्हणत असू आणि दुसरीकडे बघत असू.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एक डाव मी येऊन दाबीन. मंग? रोज येऊ का भाजी सोडून? तुमीच शिका.”

ही विद्या मावशींनी आणली होती सयामातून. त्या माळ्याच्या घरच्या, लहानपणीच नवरा गेलेला. धामणगावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची पेढी तेव्हा बँकॉकला होती. त्याच्या घरची मुलं सांभाळायला म्हणून या आठ वर्षं तिकडे राहिल्या. घराजवळच्या देवळाच्या आवारात म्हाताऱ्या बायका चटया टाकून लोकांची अंगं दाबत. त्यातल्या एकीने यांना शिकवलं. लढाई तिकडे पोचायच्या जरा आधी व्यापाऱ्याने घरची माणसं परत पाठवली, तशा मावशीही परत आल्या. बरोबर एक चटई होती, आणि एक वाक्य. कोणी घाई केली की त्या म्हणत, “दमानं. सयाम काई पयून नाई चाललं.”

मी मात्र घाईतच होते. कार्तिकाला आठ महिने उरले होते.

पहिला महिना मला माणसाच्या अंगाला हात लावू दिला नाही. आल्याबरोबर नखं दाखवायची. मग मेथीचा एक वाफा निंदायचा, अंगठ्यांत बळ यावं म्हणून. मग वाकळ. मावशी तिच्या घड्यांखाली चिंचोके लपवत आणि ते मी डोळे मिटून अंगठ्याने शोधायचे. दर आठवड्याला एक घडी वाढे. मी जोर लावला की कोपरावर चापट बसे. जोर नाही लावायचा, हात ताठ ठेवून अंग टाकायचं, श्वास सोडत. माझ्या बांगड्या वाजत आणि रुतत. काढायचा प्रश्नच नव्हता. मावशींनी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली, बांगड्या वर सारल्या आणि दंडाला बांधून टाकल्या.

मग रस्ते आले. सयामी हिशेबाने अंगात दहा रस्ते असतात आणि सगळे बेंबीपाशी निघतात. त्यांची तिकडची नावं मावशी विसरल्या होत्या. पण त्यांचं काही अडलं नव्हतं. वाकळीवर गेरूने माणूस काढून त्यांनी त्याच्यावर आपली रेल्वे टाकली होती. बेंबी म्हणजे बडनेरा. पोटाकडून जा की पाठीकडून, गाडी बडनेऱ्यालाच बदलायची. डाव्या पायाला नागपूरकडची लाइन : कुल्ल्याशी चांदूर, गुडघ्यामागे धामणगाव, घोट्याशी पुलगाव. उजव्या पायाला मुंबईकडची : कुरूम, मूर्तिजापूर, अकोला. आणि बडनेऱ्याहून वर मानेपर्यंत जाते ती अमरावतीची छोटी लाइन.

“बाई, मूर्तिजापुरातच कावून थांबून राहिल्या? अकोला कुठं हाये?”

मी पुढे सरकत असे. आजही कोणाचा उजवा घोटा सुजलेला दिसला की माझ्या मनात आधी अकोला येतं.

मावशींचे नेम तीनच. एक, आधी समोरच्याच्या पायांशी बसून गुरूला हात जोडायचे. दोन, बाईमाणसाला डावीकडून सुरुवात. तीन, अर्धं अंग दाबून उठायचं नाही. हा तिसरा त्यांना प्राणापलीकडे होता. डावी बाजू मोकळी झाली आणि उजवी राहिली, तर माणूस जन्मभर एका अंगाने चालतो, असं त्या सांगत. एकदा वकिलीणबाईंची डावी बाजू झाली होती, तेवढ्यात मावशींच्या पुतण्याची बायको धावत आली. शेजारच्यांची गाय वांग्यांत शिरली होती. मावशी अंगठा न उचलता म्हणाल्या, “गाईले सांग, आजून अकोल्याची लाइन राह्यली.”

गाईने ऐकलं नाही. वांग्यांचे दोन वाफे गेले. मावशी शेवटच्या बोटापर्यंत पोचल्यावरच उठल्या.

चैत्र-वैशाखात मी सासूबाईंच्या अंगावर हात चालवू लागले. पाय दाबले, खांदे दाबले. त्यांना कुशीवर वळता येऊ लागलं, मग बसता. पण कंबरेची गाठ हाताला दाद देत नव्हती. मावशी एकदा घरी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, की इथे पाय पाहिजे. भिंतीला धरून, टाचेनं, तळव्यानं, अंदाज घेत वजन टाकायचं. सयामात सगळे असंच करतात.

इथेच माझं घोडं अडलं.

आपल्याकडे चुकून कोणाला पाय लागला तरी आपण त्याला हात लावून तो हात कपाळाला लावतो. ही सवय शिकवलेली नाही, हाडात आहे. मी सासूबाईंच्या पाठीला तळवा टेकवला, लगेच पाय काढला, वाकले, नमस्कार केला. पुन्हा टेकवला, पुन्हा नमस्कार. अर्ध्या तासात पाय पडला असेल नसेल, नमस्कार मात्र एकतीस झाले. ते मी मोजले होते. सासूबाई पालथ्या पडून विचारत होत्या, की वर काय चाललंय.

मावशी त्या दिवशी पुन्हा आल्या होत्या, दाराशी बसून बघत होत्या. “एका बरगडीले एक नमस्कार,” त्या म्हणाल्या. “पाठ राहीन तशीच, पन सासूबाईचा देव होऊन जाईन.”

मी म्हटलं, माझ्याने नाही होणार. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, की आज अंदाजे किती वेळा पाय लागेल. मी म्हटलं, चाळीस. “मंग चाळीस नमस्कार आधीच करून टाका. जमा राहू द्या.”

मला हे पटलं. मी ओळीने चाळीस नमस्कार केले आणि भिंत धरून उभी राहिले. पाय ठेवला, मोजला. पुढे ठेवला, मोजला. पहिल्यांदाच वजन नीट पडत होतं. चाळीस झाले आणि मी थांबले. गाठ पायाखाली आलेली होती, आता सुटेल अशी.

“काय झालं?” मावशी म्हणाल्या.

“संपले,” मी म्हटलं.

मावशींना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तोंडाला पदर लावून त्या हलत राहिल्या. शेवटी सासूबाईच उशीत तोंड असताना बोलल्या, “दे गं पाय. मनातल्या मनात बारा वर्षं देतेच आहेस.”

मी एक्केचाळिसावा पाय दिला.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, की मास्तरीणबाईंनी सासूला पायाखाली घातलं. वकिलीणबाईंनी खिडकीतून पाहिलं होतं. सासूबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की तुमची सून देत असेल तर तुम्हीही घ्या, पुण्य लागतं. त्या कार्तिकात सासूबाई एसटीने कौंडण्यपूरला गेल्या, घाट उतरल्या, वर्धा नदीत बुडी मारून स्वतःच्या पायांनी चढून आल्या. परत आल्यावर प्रसाद घेऊन मळ्यात गेल्या आणि मावशींच्या पाया पडायला वाकल्या. मावशींनी झटकन पाय लुगड्याखाली ओढून घेतले. म्हणाल्या, नको, ते पाय पाहण्यासारखे नाहीत.

तेव्हा मला त्यात विनयच दिसला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ह्यांची बदली अकोल्याला झाली. सामान, दाखले, दूधवाला, अशी पंचवीस कामांची यादी करून मी एकेक उरकत होते. ‘मावशींचा निरोप’ हे चोविसावं काम होतं. सकाळीच गेले. त्या पालकाचं गाठोडं उचलत होत्या. उचलताना त्यांनी पडवीच्या खांबाला धरलं आणि क्षणभर धरूनच राहिल्या.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. सव्वा वर्ष त्यांनी मला दुनियेचे पाय बघायला शिकवलं होतं, आणि मी त्यांचे एकदाही पाहिले नव्हते. उजवा पाय बाहेर पडत होता. एका चपलेची टाच कागदासारखी झिजलेली, दुसरीची जशीच्या तशी. ही कंबर काही आजची नव्हती.

मी म्हटलं, चटई टाका. त्या म्हणाल्या, भाजी सुकते. मी गाठोडं सावलीत सरकवलं आणि सयामातून आलेली ती चटई स्वतःच पसरली. मग त्या गाठोड्याकडे बघत बोलल्या. माझ्या आधी तिघी जणी शिकून गेल्या होत्या. तिघींना सांगून पाहिलं होतं.

“गुरूवर पाय कसा देऊ म्हनते. पाप लागीन म्हनते. मंग गुरूची पाठ दुखून राह्यली तं राहू द्या.” त्यांनी एक सुटलेली जुडी पुन्हा बांधली. “त्या बुढीनं दाबलं होतं शेवटचं, बोटीवर चढाच्या आधी. एकोनीस वर्सं झाले. तवापासून मले कोनी हात नाई लावला.”

मी त्यांच्या पायांशी बसले. हात जोडले. एकच नमस्कार केला.

“एकच?” त्या म्हणाल्या.

“एकच पुरतो,” मी म्हटलं.

डावीकडून सुरुवात केली. बडनेरा, चांदूर. अंग लाकडासारखं होतं. दुसऱ्यांची शेकडो अंगं सैल करणाऱ्या बाईला स्वतःचं अंग कसं सोडायचं ते ठाऊक नव्हतं. गुडघ्यामागे अंगठा ठेवला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “धामनगाव. इथूनच बसली होती मी गाडीत.” आणि मग ते अंग सैल झालं. पुलगावपर्यंत गेले, परत आले. उठून खांब धरला आणि डाव्या कंबरेवर तळवा ठेवला. गुरूच्या पाठीवर उभी होते आणि मला पाप वाटत नव्हतं. एवढी वर्षं कोणी उभं राहिलं नाही, याचंच वाटत होतं.

डावी बाजू झाली. मी फिरून उजवीकडे आले, बडनेऱ्याला अंगठा टेकवणार, तोच मावशी उठून बसल्या आणि केस बांधू लागल्या.

“अकोल्याची लाइन राहू द्या.”

मी म्हटलं, अर्धं अंग दाबून उठायचं नाही, हा नेम तुमचाच. वांग्यांचीही आठवण करून दिली.

“वांगे गेले तं गेले,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. “तुमी आता त्या लाइनीवर चालल्या. येसान तवा करजा.”

अकोल्यात मी आतापर्यंत अकरा जणींना शिकवलं. वाकळीवर तीच रेल्वे आहे. मी प्रत्येकीला पहिल्याच महिन्यात ताकीद देते, की तयार झालात की मला पाठ दाबून द्यायची, पायासकट. त्या देतात. चाळीस नमस्कार आधी जमा करतात आणि देतात.

दिवाळीत आणि मेमध्ये मी अमरावतीला जाते. उतरले की आधी मळा. मावशी चटई टाकूनच ठेवतात. मी डावी बाजू करते, पुलगावपर्यंत. उजवीकडे वळले की त्या उठून बसतात आणि म्हणतात, आज नको, सयाम काही पळून चाललं नाही. अशी पाच वर्षं झाली. कंबर पूर्वीइतकी दुखत नाही म्हणतात. चालतात मात्र एका अंगाने.

मी कामं राहू देणारी बाई नाही. वही संपली की उरलेलं नव्या वहीत उतरवते आणि पहिल्या आठवड्यात संपवते. ही सातवी वही. पहिल्या पानावर एकच काम मागच्या वहीतून आलेलं आहे, सहाव्या वेळी :

१. मावशी. उजवी बाजू. बडनेरा ते अकोला.