‘एकांत’ आणि बिस्किटांचा डबा

"मी स्वतंत्र कलाकार आहे!" असं बबडी भेटेल त्याला सांगायची. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, गायचं स्वतः, रेकॉर्ड स्वतः करायचं आणि जगापुढे ठेवायचंही स्वतःच. ना कुठली कंपनी, ना कुणी साहेब! आता राहायची ती आत्याच्या घरी, जेवायची आत्याच्या हातचं, इंटरनेट आत्याचं आणि स्टुडिओ म्हणजे आत्याचं कपड्यांचं कपाट. पण एवढं सोडलं तर बाई पूर्ण स्वतंत्र!

कपाटाला हसू नका. जाड कोट, स्वेटर आणि रजया आवाज शोषून घेतात, तो घुमत नाही, हे कुठलाही घरगुती गायक सांगेल. बबडी आत शिरायची, दार ओढून घ्यायची, दोन कोटांच्या मधे माइक टांगायची आणि कपाळाला टॉर्च बांधून गायला बसायची. एकदा गॅसवाला आला आणि कपाटातून आलाप ऐकून सिलिंडर दारातच टाकून पळाला. तेव्हापासून आत्या दारावर पाटी लावायची, ‘आत माणूस आहे’.

यंदा बबडीचा निश्चय पक्का होता. तीन वर्षं खपून तिने एक गाणं लिहिलं होतं. नाव ‘एकांत’. वह्याच्या वह्या भरल्या, एकेका शब्दासाठी तिने आठवडेच्या आठवडे डोकं खाजवलं. आधीच्या सहा गाण्यांना मिळून त्रेचाळीस श्रोते लाभले होते आणि त्यातले अकरा तर बबडीच होती, वेगवेगळ्या फोनवरून. पण ‘एकांत’ लोकांनी ऐकावं, त्यातले शब्द त्यांच्या मनात राहावेत, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

"या गाण्यानंतर लोक मला रस्त्यात थांबवतील, बघच तू आत्या!"

"थांबवतील, आधी रजयांच्या घड्या घाल," आत्या म्हणाली.

आता बबडीची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण घोळ तिथेच झाला. तिला आधी चाल सुचायची आणि शब्द मागाहून. मग तोवर चाल विसरू नये म्हणून ती तात्पुरते शब्द घालून गाऊन ठेवायची. समोर दिसेल ते! एका गाण्याच्या जागी तिने विजेचं अख्खं बिल गायलं होतं. ‘एकांत’ची चाल सुचली तेव्हा ती कपाटात होती आणि टॉर्चच्या उजेडात समोर, रजईच्या मागे, तिला एक पत्र्याचा डबा दिसला. उघडला, तर काठोकाठ क्रीमची बिस्किटं! साखर वाढलेली म्हणून आत्याने गोड केव्हाच सोडलं होतं. निदान डॉक्टरांच्या कागदावर तरी तसं होतं. बबडीला हसू आवरेना. तिने तिथल्या तिथे माइक चालू केला आणि गायली:

रजईच्या मागे डबा गं डबा,
आत्याची बिस्किटं, आत्याचा ताबा!
डॉक्टर पुसती, ‘गोड का खाता?’
आत्या म्हणते, ‘सोडलं आता!’

अशी तीन कडवी. पुढे खरे शब्द आले, तेही रेकॉर्ड झाले. राहता राहिलं फायलींना नावं देणं. त्या बाबतीत बबडी म्हणजे आनंदीआनंद! ‘शेवटचं’, ‘अगदी शेवटचं’, ‘आता खरंच शेवटचं’ आणि ‘देवाशपथ शेवटचं’ अशा चार फायली शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्यातली चाल शेवटची कुठली आणि गाणं शेवटचं कुठलं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. एका दुपारी तिने डोळे मिटून, छातीवर हात ठेवून एक फाईल जगाच्या स्वाधीन केली.

आणि पुन्हा ऐकली नाही! बाहेर पडलेलं गाणं आपण ऐकायचं नाही, हा तिचा कडक नियम. ऐकलं की चुकाच दिसतात म्हणे.

तिसऱ्या दिवशी श्रोते चार हजार झाले. आठव्या दिवशी चाळीस हजार! बबडी वेडी व्हायची बाकी राहिली. लोकांचे अभिप्राय तर विचारू नका. ‘शब्द थेट काळजात घुसले!’ ‘माझ्या आईची आठवण आली, डोळे पाणावले.’ ‘आमच्याही घरी असंच कपाट होतं.’

या शेवटच्या अभिप्रायापाशी बबडी जरा थबकली. आपल्या गाण्यात कपाट कुठे आहे? पण मग तिला वाटलं, मनाचं कपाट म्हणत असतील. श्रोते किती खोलात जातात बघा!

मग एका इंटरनेट रेडिओवरून मुलाखतीसाठी फोन आला. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "गाण्याचं नाव ‘एकांत’, आणि आत तो डबा! हे प्रतीक तुम्हाला सुचलं कसं?"

डबा? कुठला डबा? बबडी गोंधळली. पण शेकडो लोक ऐकत होते, आणि आपल्याच गाण्यातलं आपल्याला कळलं नाही असं कसं म्हणायचं?

"डबा..." ती गंभीरपणे म्हणाली, "डबा आपल्या सगळ्यांच्या आतच असतो."

"वा! आणि त्यातलं क्रीम?"

"ते... ते ज्याचं त्याने शोधायचं."

 निवेदिका भारावून म्हणाली, "अंगावर काटा आला!" काटा बबडीच्याही अंगावर आला होता, पण तिचं कारण वेगळं होतं.

फोन ठेवून ती स्वतःचा नियम मोडणार, एवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. आत्या दवाखान्यातून आली होती. हातातली पिशवी तिने खुर्चीवर आपटली.

"बबडे! बाहेर ये आधी!"

"काय झालं आत्या?"

"काय झालं? मी आत पाऊल टाकते न टाकते तोच डॉक्टर खुर्चीतून उठून म्हणतात, ‘काय काकू, डबा गं डबा?’ कंपाउंडर हसतोय! इंजेक्शनला आलेली बाई एका हाताने दंड चोळत गातेय! अगं, काय केलंयस काय तू?"

आत्याने फोनवर गाणं मोठ्याने लावलं. बबडीने पहिली ओळ ऐकली आणि ती मटकन पलंगावर बसली. चाळीस हजार लोकांनी ‘एकांत’ ऐकलंच नव्हतं! तीन वर्षांच्या वह्या तशाच राहिल्या होत्या आणि जगात नाव झालं होतं ते बिस्किटांचं. ती चक्क रडायला लागली.

"रडतेस काय? रडायचं मी!" आत्या कडाडली. "चार वर्षं त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोललेय मी, ते काय सोपं असतं? आता पथ्याचा कागद चार पानी झालाय!" आणि तिने कोटांमधून माइक काढून बबडीच्या हातात दिला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

बबडीने गाणं काढून टाकायचं ठरवलं. तेवढ्यात वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या छोट्या सभागृहात रविवारी संध्याकाळी पाच वाजता बबडीचा कार्यक्रम आधीच ठरला होता.

"ऐंशीच्या ऐंशी खुर्च्या भरल्यात! लोक त्याच गाण्यासाठी येतायत बरं का. काढूनबिढून टाकाल तर कार्यक्रमाला तुम्ही आणि मी दोघीच!"

तेव्हा बबडीच्या डोक्यात प्रकाश पडला. येऊ देत की! एकदा माणसं खुर्चीत बसली म्हणजे उठून कुठे जातील? त्यांना आधी खरं ‘एकांत’ ऐकवायचं. ते ऐकल्यावर डब्याची आठवण तरी कुणाला राहील?

आत्या चार दिवस घुश्शात होती. पाचव्या दिवशी औषधांच्या दुकानात एकाने विचारलं, "गाण्यातल्या आत्या त्या तुम्हीच का?" आणि दोघींनी तिच्याबरोबर फोटो काढला. घरी आल्यावर तिने न बोलता कुलूप काढलं. रविवारी तर ती नवा कोट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर खुद्द डॉक्टर होते. त्यांनी बसल्या बसल्या आत्याची पर्स तपासून घेतली.

बबडी गिटार घेऊन उभी राहिली. 

"या चालीवर मी दोनदा शब्द लिहिले," ती म्हणाली. "एकदा तात्पुरते आणि एकदा खरे. आज दोन्ही गाणार आहे."

कुठले तात्पुरते आणि कुठले खरे, हे सांगायची तिला गरजच वाटली नाही. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं:

क्षितिजापल्याड मौन गोठले,
माझेच मीपण मला न भेटले...

जीव ओतून गायली हो पोरगी!  आपले शब्द माणसांच्या कानावर पडतायत, या एका सुखाने तिला भरून आलं होतं. शेवटचा सूर विरला.  कुणीतरी खोकलं. मग वाचनालयातल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या भिडेखातर आणखी दहाबारा जणांनी वाजवल्या, आणि मागून आवाज आला, "आता डबा होऊ दे!"

झाला डबा! पहिल्या ओळीला शिट्ट्या, दुसऱ्या ओळीपासून ऐंशी माणसं गायला लागली. ‘डॉक्टर पुसती’ला डॉक्टरांनी उभं राहून हात वर केला. ‘सोडलं आता’ ही ओळ आत्याने एकटीने म्हटली. तिला तीनदा वन्समोअर मिळाला.

कार्यक्रम संपल्यावर बबडी गिटार पिशवीत घालत होती. डॉक्टर आत्याला घेऊन मुद्दाम जवळ आले आणि त्यांनी बबडीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं," ते हळुवारपणे म्हणाले. "ते तात्पुरते शब्दही तुम्ही आधी म्हणून दाखवलेत. क्षितिज, मौन वगैरे. एवढं धाडस कोण करतं? अहो, त्यातून पुढे असं सुंदर गाणं निघेल, असं कुणालाही वाटलं नसतं!"

आत्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

"मग काय डॉक्टर!" ती म्हणाली. "तीन वर्षं मेहनत घेतलीय पोरीने, तेव्हा कुठे बिस्किटांपर्यंत पोचली!"

बबडीने दोघांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "थँक यू."