मेमरीच्या आरामाची ओळ

सगळे जेवायला गेले की चाचणीला लावलेला सर्किट-बोर्ड बंद पडायचा. नेमका तेव्हाच. त्या बोर्डाच्या इंजिनिअरला ऑफिसात सगळे का-बुवा म्हणत, कारण कशाहीबद्दल त्याचा पहिला प्रश्न 'का?' हाच असे. आता त्याच्याच टेबलावरचा बोर्ड त्याला दाद देत नव्हता.

"बोर्डाने जेवणाची सुट्टी निभावली की दुसऱ्या दिवसापासून तुमची रजा. आधी नाही," साहेबांनी बजावलं होतं. आणि का-बुवा बायकोला सहलीचं वचन देऊन बसला होता, तेही तिसऱ्यांदा.

पहिला संशय सफाईवाल्या मावशींवर.

"मावशी, झाडताना वायर हलते का हो?"

"मी तुमच्या टेबलाकडे फिरकतसुद्धा नाही! परवा तुमचा स्क्रू हरवला, तर माझा अख्खा केर उपसलात तुम्ही."

मग शेजारच्या टेबलावरची चहाची विजेची किटली दुसऱ्या प्लगवर गेली. शेजारी रुसला, बोर्ड बंद पडायचा तो पडलाच.

शेवटी का-बुवाने डबा टेबलावरच उघडला. लॅपटॉपवर बोर्डाच्या मेमरीचे आकडे सरसर फिरते ठेवले आणि टक लावून जेवला. बोर्ड ठणठणीत! खुशीत लॅपटॉप मिटून तो हात धुवायला गेला. परत येतो तर बोर्डाने मान टाकलेली.

"मी बघतोय तोवर चालतो, पाठ वळली की संपला!" त्याने बायकोला फोनवर सांगितलं.

"म्हणजे तुमच्यासारखाच. कामात असलात की खणखणीत, रविवारी आडवे झालात की शिंका सुरू. ते जाऊ दे, रजेचं काय झालं?"

का-बुवा मात्र आधीच्याच वाक्यावर अडकला. आडवा झाला की? त्याचं ते आकडे बघणं म्हणजे मेमरीला कामच होतं! बघणं थांबलं की काम थांबत होतं.

त्याने घाईघाईने फाइल उघडली. मेमरीने कोणत्या वेगाला किती व्होल्टेज घ्यायचं, हे त्यानेच तिथे ओळीओळीने लिहिलं होतं. काम वाढलं की वरची ओळ, काम नसलं की सगळ्यात खालची. त्या खालच्या ओळीत त्याने हात आखडता घेतला होता. आराम करणाऱ्याला कशाला हवी एवढी वीज! बिचारी मेमरी विसावली की उपाशी पडत होती. का-बुवाला तिची खरोखर दया आली. त्याने त्या ओळीतलं व्होल्टेज वाढवलं.

दुसऱ्या दिवशी बोर्डाने जेवणाची सुट्टी निभावली. साहेबांनी रजा दिली. सहलीच्या वाटेवर का-बुवाने बायकोला अख्खी फाइल समजावून सांगितली, दोनदा.

मुक्कामी पोहोचून तो आरामखुर्चीत रेलला मात्र, सटासट शिंका सुरू झाल्या. अंग मोडून आलं.

बायकोने शांतपणे बॅग उघडली. त्यातून घोंगडी निघाली, वाफेचं भांडं निघालं, गरम सुपाचा थर्मास निघाला.

"एवढं सगळं? तुला आधीच कसं कळलं?"

"तुमच्याकडे तो बोर्ड आत्ता आलाय," सूप ओतत ती म्हणाली. "माझ्याकडे लग्नापासून आहे."