स्क्रूड्रायव्हरने ऐकलेलं सँडविच

दळवी काका क्युबन सँडविच कानाने भाजत.

तव्यावर पाव असायचा आणि पावावर, फॉइलमध्ये गुंडाळलेलं, जहाजाच्या पाइपाचं एक जड लोखंडी झाकण. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या झाकणावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. मग हात वर करून मला गप्प करत. मी गप्पच असायचो. "चीज अजून घट्ट आहे," ते म्हणत. थोड्या वेळाने, "आता सुटलं. उलट."

बोटीवर इंजिनाचं बेअरिंग असंच ऐकतात, असं त्यांनी मला सांगितलं होतं. सगळी नोकरी त्यांनी इंजिनरूममध्ये काढली होती आणि शेवटी चीफ इंजिनियर होऊन सिंगापूरला उतरले ते तिथेच राहिले होते. मी युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आलो तेव्हा क्लेमेंटीतल्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मला भाड्याने मिळाली. आमचं गाव कराडजवळ. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे जे कळत नाही ते शिकलेल्या लोकांच्यात असंच असणार, असं मी धरून चालायचो. स्क्रूड्रायव्हरही त्यातच जमा.

घरात हुद्दे होते. काकू कॅप्टन, काका चीफ आणि मी फोर्थ, म्हणजे बोटीवरचा सगळ्यात धाकटा इंजिनियर. काकू शाकाहारी होत्या. रविवारी सकाळी त्या जुरोंग ईस्टला भजनाला जात आणि जाताना दारातून बजावत, "तुमचं ते डुक्कर मी यायच्या आत संपलं पाहिजे. आणि खिडक्या उघडा."

"फोर्थ, कॅप्टन लिफ्टमध्ये गेल्या का?"

"गेल्या."

"मग काढ."

रात्रभर मुरलेलं मांस मी फ्रीजमधून काढायचो. क्युबात त्याला आंबट संत्र्याचा रस लावतात. काका त्याऐवजी इथल्या खाऊगल्लीत, म्हणजे हॉकर सेंटरमध्ये, नूडल्सवर पिळतात ते छोटं हिरवं लिंबू वापरायचे, त्यात लसूण, ओरेगानो आणि जिरं. "जिरं आलं म्हणजे अर्धं आपलंच," ते म्हणत. पावही घरचा. तिकडे भाजण्याआधी कणकेच्या लांब गोळ्यावर ताडाच्या जातीचं एक पान ठेवतात, म्हणजे पाव मधोमध सरळ रेषेत फुटतो. काका कॉरिडॉरमधल्या कुंडीतलं पांदानचं, आपल्या केवड्याच्या जातीचं लांब पान ठेवायचे. पान उचलल्यावर खाली ती सरळ चीर दिसायची तेव्हा मला दर वेळी नवल वाटायचं.

मांस ओव्हनमध्ये गेलं की काका खुर्ची ओढत. "आधी इतिहास. इतिहासाशिवाय हा नुसता पाव आहे."

"क्युबातले सिगार वळणारे कामगार. आज हवानात, उद्या फ्लोरिडात. बोटीने ये-जा, आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांसारखी. कारखान्यात दुपारी खायला काय? पाव, भाजलेलं डुक्कर, हॅम, चीज, काकडीचं लोणचं, मस्टर्ड. तिथल्या टँपा गावात शेजारी इटालियन होते, म्हणून तिथे सलामी शिरली. मायामीवाले म्हणतात, सलामी हा गुन्हा आहे. तुझं मत?"

मी दोन्ही गावं पाहिली नव्हती. "सलामी असावी," मी म्हणालो.

"पास. टोमॅटो?"

"नाही."

"का नाही?"

"तुम्ही रागावता म्हणून."

"बरोबर. पहिलं सँडविच कुणी केलं?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"आणि जो छातीठोक सांगतो तो थापा मारतो." एकदा काकांची बोट दुरुस्तीसाठी टँपाला अडकली होती, तेव्हा बंदराजवळच्या एका दुकानात ते रोज हे खात. मालक म्हातारा होता. निघायच्या दिवशी त्याने काकांना गल्ल्यामागे बोलावून सगळं करून दाखवलं. काका ते सांगू लागले की समुद्र ओलांडून जाणारी ती माणसं आणि त्यांच्या डब्यातला हा पाव माझ्या डोळ्यांसमोर उभा राहायचा. मी अभ्यास विसरायचो.

डुक्कर मी आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात खाल्लं. काका तिरका काप देऊन अर्धं माझ्यापुढे सरकवत आणि स्वतःच्या अर्ध्याला हात न लावता माझ्याकडे बघत राहत.

"कसं आहे?"

"छान."

त्यांचा चेहरा उतरायचा. "छान हा काय रिपोर्ट झाला? कसं आहे ते सांग."

मला सांगता यायचं नाही. आमच्या घरी जेवणाबद्दल एकच प्रश्न असतो, पोट भरलं का. चवीला शब्द लागतात हेच मला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा "खूप छान" म्हणायचो आणि काका आपलं अर्धं उचलायचे.

एका रविवारी काकांनी लसूण गॅसवर परतायला टाकला आणि माझ्याकडे वळून मायामीवाल्यांचा समाचार घ्यायला सुरुवात केली. लसणाला जळका वास सुटला. मी पाहिलं, पण बोललो नाही. चीफ समोर उभे आहेत, म्हणजे तो मुद्दाम जाळायचा असेल. काकांनी वळून पाहिलं तेव्हा कढईत कोळसे होते.

"तुला वास नाही आला?"

"आला. मला वाटलं, असंच करतात."

त्यांनी गॅस बंद केला. "असंच कोण करतं? अरे, बोलायचं. मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. चवही नाही. बोट सोडली त्या वर्षी मोठा ताप आला, त्यात गेली. डॉक्टर झाले, औषधं झाली."

मला स्क्रूड्रायव्हर दिसला. तो ओट्यावरच पडला होता.

"काकूंना..."

"कॅप्टनला कळता कामा नये. सकाळी उठून ती आमटी करते, मी काय म्हणतो याची वाट बघते. तिने पहिल्या घासाला भुवया चढवल्या की मी म्हणतो, आज मीठ जरा पुढे गेलं. तिला वाटतं, माझी जीभ फार पारखी आहे." ते हसले. "टँपाची चव अजून डोक्यात आहे. पण हल्ली पुसट होत चालली. म्हणून तुला विचारतो आणि तू म्हणतोस छान."

त्यांनी नवा लसूण सोलायला घेतला. या वेळी मी कढईजवळ उभा राहिलो आणि वेळेवर "बास" म्हणालो.

तिरका काप झाला. काकांनी त्यांचं अर्धं हातात धरलं आणि थांबले. मी घास घेतला, सावकाश चावला.

"आधी कुरकुरीत कड," मी चाचरत म्हणालो. "लोण्याची, जराशी खारट. मग चीज, गोडसर. मांसात लिंबू आहे, पण आंबट लागत नाही, ते जिभेच्या कडांना लागतं. जिरं मागून येतं. आमच्या आईच्या ताकासारखं."

काकांनी घास घेतला. डोळे मिटलेले. "मस्टर्ड?"

"आता नाकात गेलं. आणि लोणचं, एकदम गार."

ते चावत होते, माझ्याच वेगाने.

"शेवटी काय राहतं?"

मला चुकायचं नव्हतं. गिळलं आणि तोंडात काय उरलं ते पाहिलं.

"सलामी. थोडी मिरी आणि धूर."

"टँपा," काका म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडले नाहीत.