तात्यांचं अर्थिंग

आमच्या वरकुट्यात हेल्मेट ही डोक्यात घालायची वस्तू नाही. ती आरशाला लटकवायची, पुढं पोलीस दिसला तरच चढवायची. आमचे शेजारी तात्या मात्र डेअरीत दूध घालायला जातानाही हेल्मेट घालतात, आणि मागं बसलेल्या काकींच्या डोक्यातही पदरावरून एक बसवतात. वर दोन्ही हेल्मेटांना जोडणारी लांबलचक काळी वायर. अख्खं गाव हसतं. मी शेजारी असल्यामुळं सगळ्यात आधी हसतो.

ती वायर म्हणजे तात्यांनी घरी बनवलेला इंटरकॉम. हेल्मेटात बटणाएवढे स्पीकर, तोंडापुढं माइक, आणि वीज मोटारसायकलच्या बॅटरीतून. गाडी उभी असली की यंत्र उत्तम चालायचं. गाडी सुरू केली की कानात भुंगा शिरायचा, आणि रेस वाढवली की भुंग्यालाही जोर चढायचा. थोडक्यात, शेजारी बसून बोलता येतं तेव्हाच ते यंत्र उपयोगी पडायचं.

"अर्थिंग कच्चं हाय," तात्यांचं निदान ठरलेलं. गावची विजेची डीपी जळाली, अर्थिंग कच्चं. निवडणुकीत सरपंच पडला, अर्थिंग कच्चं. एकदा माझं पोट बिघडलं, तर काकींसमोर माझ्या पोटाकडं बोट करून हेच म्हणाले. माझं खता-औषधांचं दुकान आहे, खुळ्या माणसांशी डोकं लावण्यातच माझा दिवस जातो. पण तात्यांपुढं मी हात टेकले.

उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचं अर्थिंग सुकतं, तेव्हा आम्ही खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून पाणी ओततो. तात्यांनी तोच इलाज मोटारसायकलला केला. मागच्या मडगार्डला बैलाची साखळी बांधली आणि ती रस्त्यावर खळखळ ओढत निघाले. थोडं अंतर गेलं की उतरायचं, बाटलीतलं मिठाचं पाणी साखळीवर ओतायचं, पुन्हा बसायचं. गावातली सगळी कुत्री मागं लागली. भुंगा जागचा हलला नाही.

"तात्या," मी म्हटलं, "घरात तुम्ही दोघं दिवसभरात चार शब्द बोलत नाही. गाडीवरच कसलं एवढं हितगुज? आणि बोलायचंच असेल तर ओरडून बोला की!"

"वरडून बोललं की भांडल्यागत वाटतं," ते म्हणाले.

अडचण अशी होती की काकींच्या भाचीचं लग्न कऱ्हाटीला होतं. कऱ्हाटी काकींचं माहेर. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तेव्हापासून त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. आणि आता त्या अडून बसल्या होत्या, "कानात भुंगा घिऊन मी न्हाय बसायची गाडीवर. ऱ्हाऊ द्या लगीन." एसटीनं जा म्हटलं, तर तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच खुळा.

शेवटी मी चिडलो. "अहो, गाडीची वीज घेताच कशाला? टॉर्चचे सेल लावा! आणि प्लगच्या वायरीला लगटून आणलीय ती वायर जरा लांबून न्या!" माझ्या टेम्पोत टेप बसवणाऱ्यानं एकदा असंच काहीतरी केलं होतं, तेवढ्यावर मी बोललो. तात्यांनी केलं. भुंगा गेला. आभार वगैरे नाहीतच. "म्हंजी मी म्हनत हुतो तेच. अर्थिंगच कच्चं हुतं."

मला वाटेतल्या बारामतीला जायचंच होतं, तर तात्यांनी मला मागं बसवलं. काकींचं हेल्मेट घालायला लावलं, त्याला खोबरेल तेलाचा वास. "कऱ्हाटीपातूर जाऊन यू. मी बोलतो, तुमी निस्तं ऐका. तिला न्यायच्या आदी बघाय पायजे." चारचौघांत वायर लावून मिरवायची माझी लाज वेगळीच.

गाडी निघाली आणि माझ्या कानाशी तात्या बोलू लागले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"डाव्या हाताला डाळिंबाला फुलं लागल्यात बग. लालभडक. म्होरं उसाला तुरं आल्यात. कॅनॉल दुथडी चाललाय, एक पोरगी म्हस धुतीया. तुज्यावानीच पदर खवसलाय तिनं."

बारामती मागं पडली तरी तिथलं काम मला आठवलं नाही. हा माणूस बायकोला रस्ता दाखवत होता, आणि मी त्याला ओरडून दाखवायला सांगितलं होतं.

कऱ्हाटी जवळ आली. "आता तुजी चिंच यील. झोका बांदायचीस ती. रोज इचारतीस न्हवं..."

रस्ता रुंद झाला होता. चिंचेच्या जागी मुरमाचा ढीग होता.

तात्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"चिंच हाय," ते म्हणाले. "हाय तशीच हाय. आकडं बी लागल्यात."

मग ढिगापाशीच गाडी थांबवून, मागं न बघता त्यांनी विचारलं, "मेव्हन्याला बजावून ठिवतो मी, तिला कोन न्हाय सांगायचं. पर चिंचंच्या हितं माजा आवाज कापला का वो?"

"नाही, तात्या," मी म्हणालो. "स्वच्छ आला."