मेण काढून ठेवा

डाग काढण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी परवापरवापर्यंत छाती फुगवून सांगत होतो. आमच्या इमारतीत मला सगळे 'डागदर' म्हणतात. शर्टाला ग्रीस लागो, गालिच्यावर डांबर येवो, पेशंट माझ्या दारात! फी काही नाही. फक्त काम चालू असताना मी जे बोलतो ते ऐकून घ्यायचं. लोकांच्या मते ही फी जरा जास्तच आहे.

मी द्रावकांच्या कारखान्यात केमिस्ट आहे आणि माझं लाडकं द्रावक म्हणजे हेक्झेन. लगेच पान उलटू नका! हेक्झेन ज्या घरातलं, ते कार्बन आणि हायड्रोजनचं एक मोठं खटलं आहे, संपृक्त खटलं. संपृक्त म्हणजे प्रत्येक कार्बनचे चारही हात गुंतलेले, परक्याला टाळी द्यायला एकही मोकळा नाही. त्यामुळे वर आम्ल ओता नाहीतर अल्कली, मंडळी ढिम्म. घरातली धाकटी, मिथेन-ईथेन वगैरे, कायम हवेत असतात. मधलं हेक्झेन पातळ आणि चपळ. साखळी लांबत गेली की थोरले होतात मेण आणि बसल्या जागेवरून हलत नाहीत.

बाजारातलं हेक्झेन मला चालत नाही. मी ते तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर घुसळतो. ज्या भेसळीचे हात मोकळे असतात ती आम्लाला लटकून खाली जाते. आम्ल पिवळं पडायचं थांबेपर्यंत हे चालतं. मग सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं आणि ऊर्ध्वपातन. हाती येतं ते इतकं स्वच्छ की कागदावर थेंब टाकला तर उडून गेल्यावर कुठे टाकला होता तेसुद्धा सापडत नाही. मी हे बायकोला कितीदातरी सांगितलं आहे. ती म्हणते, "तुम्ही त्याच घराण्यातले. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." मला ती स्तुती वाटायची.

आता सासऱ्यांबद्दल. ते आयुष्यभर एका ओताऱ्यासाठी मेणाचे नमुने कोरत आले. मेणावर मातीचा लेप चढवायचा, तापवून मेण वितळवून टाकायचं आणि त्या पोकळीत चांदी नाहीतर पितळ ओतायचं, असा तो धंदा. हात थरथरायला लागले तसं त्यांनी काम सोडलं आणि सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. गेले कित्येक महिने ते खिडकीपाशी बसून चिमूटभर मेणावर काहीतरी करत होते. मी रोज त्यांच्या शेजारून चपला घालून कामावर जात होतो आणि रोज परत येत होतो. काय करताय, असं एकदाही विचारलं नाही.

ते सासूबाईंचा चेहरा कोरत होते. सासूबाई कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घ्यायच्या, त्यामुळे घरात त्यांचा धड फोटो नव्हता. म्हातारबुवांची नजरही आता चालली होती. ती पुरती जायच्या आत त्यांना तो चेहरा चांदीत ओतून घ्यायचा होता, लेकीच्या गळ्यात घालायला. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे बायकोला आणि त्यांना.

त्या दिवशी ओतारी नमुना न्यायला येणार होता. उकाड्यानं तो नमुना मखमलीच्या डबीत जरा चिकटून बसला होता आणि थरथरत्या हातानं सोडवताना मोडायची भीती. बायको निघता निघता मला म्हणाली, "बाबांच्या डबीत मेण चिकटलंय. तुमचा हात स्थिर आहे, तेवढं काढून ठेवा."

मराठी भाषेचं मला वाईट वाटतं ते इथे. एकच क्रियापद दूध काढतं, फोटो काढतं, खोडी काढतं, झोप काढतं आणि डागही काढतं. वर पुन्हा डागदराला सांगितल्यावर तो काय समजणार?

मी डबी उघडली. निळी मखमल आणि मधोमध मेणाचा पैशाएवढा पांढरा गोळा, वर काडीसारखं टोक. मला वाटलं, मेणबत्तीचा ओघळ! चेहरा जपायचा म्हणून त्यांनी नमुना पालथा ठेवला होता आणि ती काडी म्हणजे धातू आत जाण्याची वाट होती. उलटून पाहिलं असतं तर? पण डाग कोण उलटून पाहतो!

गच्चीत गेलो, आसपास कुठे विस्तव नाही याची खात्री केली, काचेच्या वाडग्यात हेक्झेन घेतलं, वाडगं गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवलं आणि डबी आत बुडवली. हेक्झेन कुणाशी बोलत नाही हे खरं, पण मेण म्हणजे सख्खा थोरला भाऊ! दिसल्याबरोबर गळ्यात गळा घालून विरघळले दोघे. मखमलीचा रंग तसूभर हलला नाही. मी डबी वाळवली आणि स्वतःवर खूश होऊन शीळ घालत खाली आलो.

संध्याकाळी बायको आणि ओतारी एकदमच आले. ती चहा टाकायला आत गेली. सासऱ्यांनी मला विचारलं, मेण निघालं का नीट? मी म्हटलं, मुळासकट. कुठे तुटलं नाही ना? छे, एक कणसुद्धा मागे राहिला नाही, मी म्हणालो. ते समाधानानं हसले आणि ओताऱ्याला म्हणाले, जावयाचा हात आहे, उगीच नाही. मी डबी उघडून अभिमानानं पुढे धरली.

ओतारी डबीत बघत राहिला. मग माझ्याकडे. सासऱ्यांनी बोटं आत घालून मखमल चाचपली, एकदा, पुन्हा एकदा.

"मेण कुठंय?" ओताऱ्यानं विचारलं.

"काढलं की."

चहाचा ट्रे घेऊन बायको दारात आली होती. तिनं डबी पाहिली, ट्रे खाली ठेवला आणि त्यात काय होतं ते मला सांगितलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी गच्चीकडे धावलो. नशिबानं वाडग्यातलं फेकलं नव्हतं! मनाला म्हणालो, अरे, मेण नाहीसं होत नाही, एकही बंध तुटलेला नाही, सगळंच्या सगळं इथेच आहे. गाळलं, घमेल्यात नवं गरम पाणी भरलं आणि बसून राहिलो. हेक्झेन उडून गेलं. तळाशी पांढरीशुभ्र चकती उरली. मी ती दोन्ही हातांवर धरून खाली आणली.

"रतीभरही कमी नाही," मी म्हणालो. "उलट आधीपेक्षा स्वच्छ आहे. धूळसुद्धा गेली."

बायकोनं चकतीकडे पाहिलं. "मेण सगळं आहे," ती म्हणाली. "आई नाही."

ओतारी चहा न पिता गेला. सासरे कितीतरी वेळ चकतीवर अंगठा फिरवत बसले आणि मग म्हणाले, "माझ्या हातून आता व्हायचं नाही. तुम्ही कोरा, मी सांगतो. तुम्ही पाहिलंय ना तिला?"

पाहिलंय म्हणजे काय! सासूबाईंच्या हातचं इतकी वर्षं जेवलोय. "मग सांगा," ते म्हणाले, "नाकाला बाक होता का?"

मला आठवेना. भुवया, कपाळ, ओठ, काहीच आठवेना. वाढणारा हात आठवत होता आणि "अजून थोडं घ्या" एवढंच. इतक्या वर्षांत मी त्या बाईच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्याची लाज डबीपेक्षाही जास्त वाटली आणि अजून वाटते.

आता सुट्टीच्या दिवशी मी खिडकीपाशी बसून कोरतो. ते सांगतात, मी करतो, ते अंगठ्यानं तपासतात आणि म्हणतात, वितळवा. पहिली मूर्ती बटाट्यासारखी झाली होती. दुसरीला त्यांनी विचारलं, "हे कोण गृहस्थ?" मेण बिचारं तक्रार करत नाही. बायकोनं माझ्यापुरतं 'काढणे' हे क्रियापदच बंद केलं आहे. आता ती म्हणते, "दूध फ्रिजमधून ओट्यावर आणा. आहे तसं."

परवा मात्र त्यांचा अंगठा हनुवटीवर थांबला. ते तिथेच घुटमळले, पुन्हा मागे गेले.

"ही चांगली जमलीय," ते म्हणाले. "पण ही तिची नाही, जावईबापू. ही माझ्या लेकीची आहे."

बायको मागेच उभी होती. तिनं वाकून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, चला, निदान हिला तरी मी नीट पाहिलं होतं! कधी नव्हे ते मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"वितळवा," ती म्हणाली.