धुराची पावती

माझ्या स्कूटरच्या धुराची पावती माझ्या हातात पडली, त्या दिवशी बसाण्णांची आणि माझी ओळख झाली. मी गल्लीत नवीनच राहायला आलो होतो. स्कूटर माझी होती, धूरही माझाच होता, हे मी नाकारत नाही. तो असा दांडगा असायचा की एकदा अग्निशमन दलाचा बंब माझ्या मागे लागला आणि थेट शाळेच्या फाटकापर्यंत आला. पण त्या धुराचा सव्वा रुपया मागणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

"धूर बी मालच हाय, पावणं," कट्ट्यावरून न उठता ते म्हणाले. "गल्लीत माल आणला की पावती."

मी सव्वा रुपया दिला. तो त्यांनी नीट मोजून घेतला आणि मग मला घरात नेऊन दोन रुपयांचा चहा पाजला.

बसाण्णांनी बत्तीस वर्षं जकात नाक्यावर कारकुनी केली. शहरात शिरणारा ट्रक अडवायचा, ताडपत्री वर करायची, मालाची किंमत नजरेनं ठरवायची आणि पावती फाडायची. आत मिरची असली तर ती कुठल्या गावची, हे ते नुसत्या शिंकेवरून सांगत. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं की ट्रकाच्या पोटातल्या मालावर आपण आयुष्यभर जकात घेतली, पण मागच्या नळीतून जे बाहेर पडलं ते सगळं फुकट शहरात गेलं. हे त्यांच्या मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छापखान्यातून कोरी पावती पुस्तकं आणली.

दर ठरवायची पद्धत मात्र पक्की. एक धोतर रस्त्याकडे वाळत घालायचं, एक परसात. आठवड्यानं दोन्ही धुवायची. रस्त्याकडच्याला जेवढा साबण जास्त लागला, तेवढा धुराचा दर. रस्त्यावरच्या खोलीचं भाडं आतल्या खोलीपेक्षा जितकं कमी, तितकी आवाजाची किंमत. हॉर्नचा दर तर म्हशीनं ठरवला. आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक तिथंच उभ्यानं दूध पितात. ट्रकानं हॉर्न दिला की म्हैस पान्हा चोरते. अण्णा महिनाभर तिच्याशेजारी माप घेऊन बसले. शेवटी ती म्हैस इतकी तयार झाली की हॉर्न वाजायच्या आधी, गाडीचा नंबर बघूनच दूध आखडायची.

"मास्तर, ही साक्ष कोर्टात टिकंल," अण्णा मला म्हणायचे. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आकड्यांची प्रत्येक गोष्ट ते माझ्या कानावर घालत.

पण त्यांचं खरं भांडण एकाच माणसाशी होतं. घरासमोरच्या मोकळ्या जागेत तानाजीरावांचे तीन ट्रक उभे असत, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा माल वाहणारे. ब्रेकला हवा धरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, म्हणून रोज सकाळी तिन्ही ट्रक अर्धा तास जागेवरच घुरघुरत. धूर सरळ अण्णांच्या खिडकीत. खिडकीच्या आत गौराक्का, अण्णांची बायको. तिला दमा. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, औषधाचं मी बघतो, हवेचं तुम्ही बघा.

अण्णा बघत होते. रविवारी तिला एसटीनं पन्हाळ्याला न्यायचे. एसटीचा धूर माणशी वाटला जातो, म्हणून स्टँडवर येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रह करायचे, "चढा की पावणं, जागा हाय. तेवढाच आमचा वाटा कमी."

एका सकाळी त्यांनी तानाजीरावांना वर्षाची एकदम पावती दिली. तानाजीरावांनी ती शांतपणे वाचली.

"देतो की अण्णा. पर एक सांगा. मी डायवर हुतो तवा तुमच्या नाक्यावर तास तास रांगंत असायचो, गाडी चालू ठिवून. बंद केली तर परत धक्का मारायला लागायचा. आमाला अडवून ठिवलं कुणी? ती पावती कुणाच्या नावानं फाडणार?"

कट्ट्यावरची माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. उठून घरात गेले.

तीन दिवस गल्लीत पावती फाटली नाही. मी मुद्दाम स्कूटर पिळत त्यांच्या दारावरून सहा फेऱ्या मारल्या. समोरची भिंत दिसेनाशी झाली, पण अण्णा काही बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी तानाजीरावच अस्वस्थ झाले आणि त्यांनी मुकाट्यानं ट्रक लांब पेट्रोल पंपामागं लावायला सुरुवात केली. अण्णा जिंकले होते. त्यांना त्याचं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. हातात पावती. नावापुढं त्यांचंच नाव, आणि मालाच्या रकान्यात लिहिलेलं, 'डबा'.

"मला गार जेवण जात न्हाय," ते म्हणाले. "गौरा रोज दुपारी डबा घिऊन नाक्यावर चालत यायची. माझं हुईस्तवर बसायची, मोकळा डबा परत न्यायला. अर्धा तास. गाड्यांची रांग म्होरंच. बत्तीस वरसं."

दिवस गुणिले अर्धा तास, गुणिले दर. खाली आलेल्या आकड्यात तानाजीरावांचे तिन्ही ट्रक ड्रायव्हरसकट विकत आले असते.

"मग?" मी विचारलं.

"तिच्या हातात दिली. म्हटलं, माझ्याकडनं तुझं एवढं येणं हाय."

"काय म्हणाल्या?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणली, घरात सासू, दोन नणंदा, म्होरच्या सोप्यात तुमचा बा. दिसभरात तुमच्यासंगं बोलायला त्यो अर्धाच तास घावायचा. त्याची बी किंमत धरा, आन वजा करा."

"केली वजा?"

"केली. दर तिनंच सांगितला." त्यांनी पावती माझ्यापुढं सरकवली. "आता तीच माझं देणं लागती असं निघतंय. चूक हाय कुठंतरी, मास्तर. बघा की जरा."

मी दोनदा तपासलं. गुणाकार बरोबर होता, वजाबाकीही बरोबर होती.