फोटोत नसलेल्या काकू

हिरव्या काठाचा अर्धाच पदर.

लातूर–नांदेड एसटी. खिडकीची काच अडकलेली, ऊन थेट मांडीवर.

"डॉक्युमेंट म्हणून पाठवा अप्पा, फोटो म्हणून नको." हे तिसऱ्यांदा.

अप्पांच्या फोनमध्ये तूरडाळीच्या नमुन्यांचे एकशे बारा फोटो, बायकोचा एक.

शुक्रवार, संध्याकाळचे पाच.

अंबिका आणि आदर्श नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टच्या सरांची अट साधी होती. फोटो बघायच्या एका फुकट, सगळ्यांना खुल्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचा एक नवा फॉरमॅट उघडायची सोय करायची आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाने ती शुक्रवारी पाचच्या आत स्वीकारायची. नाही स्वीकारली तर शून्य, म्हणजे आणखी एक वर्ष. सरांनी स्वतः असलं काही कधी केलं नव्हतं, म्हणून अट साधी होती.

नव्या फॉरमॅटमध्ये फोटो काढणारा फोन ओळखीत एकाकडेच होता. अंबिकाच्या वडिलांकडे, लातूरला डाळमिलवर असणाऱ्या माणिकप्पांकडे. अंबिकाने डाळ सोडून आईचा फोटो मागवला, फॉरमॅट बदलू नये म्हणून डॉक्युमेंट करून. पुढचं सगळं इथून सुरू झालं.

मंगळवारी दुपारी तो फोटो त्यांच्या प्रोग्राममध्ये उघडला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी उघडलं होतं. घरभरणीचा दिवस, दारात आई, नागम्मा, उभी, आणि तिच्या शेजारी उमरीच्या मोठ्या काकू, कस्तुराबाई. अंबिकाला त्यात काहीच खटकलं नाही. तिने स्क्रीनचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. 'उघडला!!!'

चौथ्या मिनिटाला उमरीहून फोन.

"अंबे, ह्यो फोटो तुझ्या आईच्या डीपीला हाय की. तिथं ती एकटीच कशी काय?"

"काकू, ते..."

"कडंला हिरव्या काठाचा पदर दिसतोय, तवाच मला वळखू आला व्हता. इचारलं तर म्हणली, अक्का, तुमचा एक बी फोटो आला न्हाई. कापलं गं मला तुझ्या आईनं. जित्या माणसाला कापलं!"

मग लातूरहून फोन.

"मी न्हाई कापलं! मला फोनवर आवाज कमी करता येत न्हाई, मी माणूस कुठून कापू?"

मागून माणिकप्पांचा आवाज आला, "नागम्मा, ते काय झालं की..."

"तुम्ही गप बसा हो. जावाजावांचं हाय."

आदर्शने फाईल उकलून बघितली. "कापलाय खरा. पण ह्या फॉरमॅटमध्ये कापलेला भाग जात न्हाई. आतच राहतो. वरून फक्त सूचना असते, एवढंच दाखव म्हणून. आपल्या प्रोग्रामनं सूचना वाचलीच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे काकू पहिल्यापासून आतच उभ्या आहेत."

बुधवारी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचा निरोप आला. काम चांगलं आहे, तपासणीसाठी जोडलेला नमुन्याचा फोटो सॉफ्टवेअरसोबत कायम राहील, तेव्हा फोटोतल्या सर्व व्यक्तींची लेखी परवानगी पाठवा.

"डाळीचा फोटो टाकू ना," आदर्श म्हणाला. "डाळीला परवानगी मागावी लागत न्हाई."

"आता हा फोटो काढून टाकला तर काकूंना दुसऱ्यांदा कापल्यासारखं होईल. मग मला उमरीत पाय ठेवता येणार नाही."

कस्तुराबाईंची अट फोनवर आली. कागदावर आधी लिहायचं की फोटोत दोघी जावा आहेत. खाली नागम्माची सही. मग त्या सही करतील.

गुरुवारी अंबिका पहाटेच्या गाडीने लातूरला गेली. नागम्माने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि "मी कापलं न्हाई, हे बी लिही," म्हणाली. अंबिकाने तेही लिहिलं. माणिकप्पा चहाची बशी हातात धरून म्हणाले, "अंबू, जरा ऐक की..." पण तिला परतीची एसटी गाठायची होती. नांदेडला उतरून उमरीची गाडी. कस्तुराबाईंनी सही केली, मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला आणि विचारलं, "म्हणजे आता मी जगभर दिसणार?"

"हाव काकू." तिच्यात एवढंच बोलायचं त्राण होतं.

शुक्रवारी दुपारी तीनला उत्तर आलं. परवानगी मिळाली, आभार. मात्र एक चूक आहे, कापलेला भाग दाखवायचा नसतो. उजवीकडच्या बाई दिसता कामा नयेत. त्या दिसायच्या थांबल्या की लगेच घेतो.

आदर्शने ती सूचना वाचणाऱ्या चार ओळी प्रोग्राममध्ये लिहिल्या. कस्तुराबाई गेल्या. अर्धा पदर राहिला. चार चाळीसला सोय स्वीकारली गेली आणि तिच्या तपासणीत कायमची एक ओळ बसली: या फोटोत एकच स्त्री दिसली पाहिजे.

पाचला दहा कमी असताना फोन वाजला.

"आलं का गं? शेजारच्या बालाजीच्या कॉम्प्युटरपुढं गल्लीतल्या समद्या बायका बसवल्यात. मी दिसून राहिले का?"

अंबिका कॉलेजच्या पायरीवर बसली. खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि ती चार एसट्यांत संपली होती.

"नाही काकू. तुम्ही आत आहात, पण दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये कुणी काही बदल केला की ते आधी तुम्हाला बघतात. तुम्ही दिसलात तर काहीतरी बिघडलं म्हणायचं, आणि काम तिथंच थांबवायचं."

पलीकडून काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "आन् नागम्माला?"

"आईला नाही बघत. ती नुसती दिसते."

"म्हणजे समदं माझ्यावर चालतंय म्हण की," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि मग फोन बाजूला धरून गल्लीला उद्देशून, "ऐका गं!"

घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी तो फोटो माणिकप्पांनी कापला होता. डीपीच्या गोलात दोघी मावत नव्हत्या.